सोनूबाईचा घाणा

मुलुंडच्या त्या मराठी ख्रिस्ती मंडळीत नाताळची एक रीत होती, आणि रीत चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कोणाला वाटायला नको की तिथं सगळंच खोटं होतं. आगमनाचा पहिला रविवार आला, चर्चमध्ये चारांतली पहिली मेणबत्ती लागली, की महिला मंडळाची यादी निघायची. आज या घरी घाणा, उद्या त्या घरी. ड्युटीवरून, शाळेतून सुटलेल्या दहा-बारा बायका आपापलं पोळपाट-लाटणं पिशवीत घालून त्या घरी जमायच्या आणि दोन-अडीच तासांत त्या घरच्या नाताळच्या करंज्या तळून मोकळ्या व्हायच्या. पीठ, सारण, तेल घरवालीचं, हात सगळ्यांचे. ज्या घरी घाणा बसला, ते घर मंडळीचं. चोवीस तारखेपर्यंत एकही घर राहायचं नाही.

म्हणजे एक राहायचं. सोनूबाईचं.

सोनूबाई प्रसूतिगृहात आया होती. नवरा काशीराम गटार खात्यात, मॅनहोलमध्ये उतरायचा. दोघं जालन्याकडची. चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेऊन मंडळीत आली, चेकनाक्यामागच्या चाळीत एका खोलीत राहायची. पहिल्या नाताळला तिला सांगितलं, "तू नवीन आहेस, आधी बघ तरी." दुसऱ्या नाताळला, "तुझी खोली लहान, बायका मावायच्या कुठं?" तिसऱ्या नाताळला, "काशीरामची रात्रपाळी, संध्याकाळी झोपतो बिचारा, त्याची झोपमोड नको." काशीरामच्या झोपेची एवढी काळजी त्याच्या आईनंही कधी केली नसेल. सोनूबाई मान डोलवायची. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार, असं तिला वाटायचं.

बाई म्हणजे रत्नप्रभाबाई. रिटायर झालेल्या शिक्षिका, महिला मंडळाच्या सेक्रेटरी, यादीची वही त्यांच्या पिशवीत. बोलणं गोड, साडी कडक इस्त्रीची, आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की बायकांचे रुमाल बाहेर. त्यांची एक साक्ष तर अख्ख्या मंडळीला पाठ होती. त्यांची आजी गावच्या विहिरीपाशी तासन् तास उन्हात उभी राहायची. कोणाला दया आली तर पायरीवरून पाणी ओतायचे, आणि आजी खाली ओंजळ धरून प्यायची. "ती ओंजळ प्रभूनं सोडवली," असं म्हणून बाई डोळे पुसायच्या. खरं रडू असायचं ते, खोटं नाही. सोनूबाईही रडायची. तिच्या आजीनं धरलेली ओंजळ तर तिनं स्वतः पाहिली होती.

एकोणीसशे शहाऐंशीच्या डिसेंबरात, बारा तारखेला, घाणा रत्नप्रभाबाईंच्याच घरी होता. सोनूबाई डबल ड्युटी करून थेट तिथं गेली. पिशवीतून लाटणं काढलं, पदर खोचला, बायकांच्या रांगेत बसायला गेली. तेवढ्यात बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तू राहू दे गं सोनूबाई. दमून आलीस. मागं कढया पडल्यात, तेवढ्या घे फक्त."

सोनूबाई उठली, मागं गेली, कढई घासायला घेतली आणि घासता घासता तिचा हात थांबला. दमून आलेली तिथं कोण नव्हती? ती नर्स नव्हती दमली? ती टेलिफोनवाली? त्यांना कोण म्हणालं राहू दे? मग तिनं मागचं आठवायला सुरुवात केली. मागच्या साली कुणाच्या घरी काय केलं आपण? कढया. त्याच्या मागच्या साली? कढया, आणि जमिनीवर पसरलेले पेपर गोळा करणं. चार वर्षं तिचं लाटणं पिशवीतून कोरडं गेलं होतं आणि कोरडं परत आलं होतं. पिठाचा कण लागला नव्हता त्याला. आणि तिला, येडीला, वाटत होतं की लोक आपल्याला जपतात!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कढई तिनं अशी घासली की बाईंनी आतून विचारलं, "काय पडलं गं?"

"काय न्हाई बाई," सोनूबाई म्हणाली. "आजून काय पडलं न्हाई."

रविवारी तिसरी मेणबत्ती लागली, आनंदाची. भाऊराव पाळकसाहेबांनी उपदेश केला. म्हातारा भला माणूस, कोणाला दुखवणं त्यांना जमायचंच नाही. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ, ते म्हणाले. धीर धरावा, दिवा तेवता ठेवावा, येणारा येतोच. सोनूबाई मागच्या बाकावर बसून दात-ओठ खात ऐकत होती. वाट पाहायला आम्हाला कोण शिकवतंय? आमच्या पिढ्या गेल्या वाट पाहण्यात. जे कधी कोणासाठी थांबले नाहीत त्यांना शिकवा म्हणावं. उपासना सुटल्यावर महिला मंडळाची बैठक बसली, तेव्हा ती सगळ्यांच्या देखत उभी राहिली.

"बाई, माझा घाणा कवा?"

कोणी पदराची दशी ओढतंय, कोणी छताकडं बघतंय. रत्नप्रभाबाईंनी वही उघडली, पानं चाळली, हसून म्हणाल्या, "अगं, एवढंच ना? तेवीस तारीख, मंगळवार. लिहिलं बघ. झालं समाधान?"

"तुमी आलात की व्हईल," सोनूबाई म्हणाली.

त्या नऊ दिवसांत तिनं काय नाही केलं! प्रसूतिगृहातल्या दुसऱ्या आयेला, जयाला, दोन ड्युट्या कबूल करून मंगळवारची सुट्टी मिळवली. भिंतींना चुना मारला. काशीरामकडून दाराला कागदाची चांदणी लावून घेतली. रेशनचं तेल थेंब थेंब वाचवून साठवलं, खोबरं किसलं, रवा तुपावर भाजला, आणि पाच रस्त्याच्या बाजारातून डझनभर नवे कप आणले, निळ्या फुलांचे. बशांसकट. काशीराम म्हणाला, "लग्न हाय का कुणाचं?" ती म्हणाली, "गप बसा, तुमाला काय कळतं." पण हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून काशीराम खरंच गप बसला.

मंगळवारी चार वाजता पीठ भिजवून वर ओलं फडकं टाकलं. सतरंजी अंथरली. कप धुऊन उपडे मांडले. पाच वाजले. येऊरच्या डोंगरावरून गार वारा सुटला होता तरी तिनं दार सताड उघडं ठेवलं. साडेपाच झाले. सहा झाले. फडकं सुकलं, तिनं परत ओलं केलं. गल्लीत चप्पल वाजली की ती उठायची आणि बसायची. साडेसहाला तिनं उठणं बंद केलं.

आणि मग ती देवाशी भांडायला बसली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. येतोस येतोस म्हणतात, चार रविवार झाले मेणबत्त्या लावतात तुझ्यासाठी. मग ये की! त्यांच्या घरी कशाला जातोस, त्यांच्या घरी झाल्या सगळ्यांच्या करंज्या. माझ्या घरी ये. माझं पीठ भिजलंय. तुला बी माझ्या घरचं चालत नसंल तर तसं सांग तोंडावर, म्हणजे मी बी मोकळी. एवढं बोलल्यावर तिचं तिलाच भ्याव वाटलं. पण शब्द मागं घेतला नाही. घ्यायचा कशाला? खरं तेच बोलली होती.

सात वाजून गेल्यावर दारात सावली पडली. रत्नप्रभाबाई. एकट्या. हातात बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा.

सोनूबाई धडपडत उठली. "या बाई! बाकीच्या मागनं येत्यात का?"

"अगं, तेच सांगायला आले," बाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या. चप्पल पायातच होती. "नाताळ परवावर आला, सगळ्यांची धावपळ. त्यात तुझी ड्युटी. म्हटलं, तुला कशाला आणखी त्रास? आज दुपारी मी, आमची सून सुलक्षणा आणि दोघीतिघींनी बसून तुझ्या वाटणीच्या करूनच टाकल्या. भरपूर आहेत हं. घे."

सोनूबाईनं डबा घेतला नाही. "कुणाच्या घरी केल्या?"

"आमच्याच की."

"पीठ कुणाचं?"

"मंडळातर्फे केलं गं. प्रभूच्या नावानं केलेलं, त्यात कुणाचं नि काय?"

"मंग माझा घाणा कुठं झाला, बाई?"

"तुझाच झाला की! हा काय." बाईंनी डबा पुढं केला. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, हीच तर त्यातली मोठी वाईट गोष्ट. दुपारभर बसून, कंबर मोडून, त्यांनी एक चांगलं काम केलं होतं आणि आता आभारांची वाट बघत होत्या.

"आत या," सोनूबाई म्हणाली. "बसा."

"नको गं, उशीर झालाय."

"चहा ठेवते. नवं कप हायेत."

"आत्ताच घेतलाय."

"पाणी तरी घ्या."

"पाणीसुद्धा आत्ताच..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या, कारण सोनूबाई त्यांच्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"बाई," सोनूबाई म्हणाली, "ऑगस्टात सुलक्षणाताई बाळंत झाल्या. पोरगं निळं पडलं हुतं. रडंना. सिस्टर दुसऱ्या बाईपाशी अडकली हुती. त्याच्या तोंडातली घाण कुणी काढली? मी. ह्या बोटानं. हे बगा, हे बोट. तुमच्या नातवाच्या तोंडात जगात पहिलं काय गेलं आसंल तर हे बोट गेलं. आईचं दूध मागनं. पहिली आंघोळ बी मीच घातली. तुमी दाराशी रडत हुतात. माझं हे दोन्ही हात धरून तुमी कपाळाला लावलंत. तवा न्हाई म्हणालात, आत्ताच घेतलंय!"

बाईंनी डबा दुसऱ्या हातात घेतला. "तू भलतंच मनात घेतेस सोनूबाई. माझ्या मनात तसलं काही नाही. आपल्यात कुठं असतं ते? आपण ख्रिस्ती माणसं."

"व्हय. आयकलंय मी."

बाईंनी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि त्या गेल्या. त्यांनी मागं पाहिलं नाही.

सोनूबाईनं डबा उचलला तो थेट गटारात फेकायलाच. रात्रपाळीआधी झोपलेला काशीराम कॉटवर उठून बसला होता, सगळं ऐकत होता. त्यानं तिचा दंड धरला. "अन्न हाय ते. गटारात काय काय जातं ते मी रोज बघतो. त्यात अन्न नको."

"मग काय करू? डोक्यावर घिऊन नाचू?"

"सोड ती मंडळी," काशीराम म्हणाला. "गावात पायऱ्या हुत्या. वरच्या पायरीनं खालच्या पायरीला लाथ मारायची, सगळ्यांत खाली आपण. म्हटलं, येशूच्या घरात तरी सपाट जमीन आसंल. हितं बी तेच. ज्यांनी लाथा खाल्ल्या तेच मारत्यात. सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई. चल, सोडून दिऊ."

"मी का सोडू?" ती खेकसली. "मंडळी काय त्यांच्या मालकीची हाय? मी काय बाईंच्या नावानं बाप्तिस्मा घेतला का? ज्याच्या नावानं घेतला त्यानं मला न्हाई म्हणू दे. मग जाईन."

एवढ्यात पलीकडच्या खोलीतली रुक्मिणी दारात येऊन उभी राहिली. मालवणकडची, नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली तेव्हापासून घरोघर मासे विकायची. मधली भिंत पत्र्याची, तिनं एक अक्षर सोडलं नसणार. काखेत पोळपाट, हातात लाटणं.

"पीठ भिजवन् ठेवलंस, आता काय त्याची पूजा घालतलंस?" ती म्हणाली. "सरक गो. पारी मी लाटतंय, तू भर."

आत आली, चप्पल काढली, सतरंजीवर फतकल मारून बसली. सोनूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याबरोबर रागही दुप्पट आला, कारण जिनं यायला हवं होतं ती आली नव्हती आणि जिची यादीत नोंद नव्हती ती आली होती. दोघी बसल्या. सोनूबाईनं चार वर्षांचं कोरडं लाटणं पिठात बुडवलं. नव्या कपातला पहिला चहा रुक्मिणीनं प्याला, बशीत ओतून, आवाज करत.

नाताळच्या उपासनेला सोनूबाई गेली. गाणी म्हटली नाहीत. बाईंनी लांबून हसून मान हलवली, तिनं बघितलंच नाही असं केलं. बिस्किटांचा डबा घरात फळीवर तसाच होता, झाकण न उघडलेला. मुंग्या लागू नयेत म्हणून तिनं तो पाण्याच्या थाळीत ठेवला होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मंडळीत सकाळची उपासना आणि नंतर मागच्या हॉलमध्ये प्रीतिभोजन असायचं. हीसुद्धा रीतच. घरोघरचा उरलेला फराळ आणायचा, सगळा एका मोठ्या परातीत ओतायचा, हातानं कालवायचा आणि मग वाटायचा. मिसळलं की कोणाचं काय ते कळत नाही, हीच त्यातली गंमत, सगळे एक घर. परातीपाशी रत्नप्रभाबाई उभ्या असायच्या. आणि दर वर्षी सोनूबाई आपला डबा घेऊन पुढं गेली की त्या म्हणायच्या, "पुष्कळ झालं गं, परात ओसंडतेय. हा तू घरी ने, काशीरामला होईल." तेही तिला आता आठवलं. एकदा डोळे उघडले की सगळंच दिसायला लागतं, आणि मग झोप लागत नाही.

खाण्याआधी भाऊराव पाळकसाहेब एकेका घराला उभं करायचे. नव्या वर्षात प्रभूसाठी काय करणार, एका वाक्यात सांगायचं. एक जण म्हणाला, रोज कुटुंबप्रार्थना करीन. एक म्हणाली, उपासनेला उशीर करणार नाही; त्यावर सगळे हसले, कारण ती त्या दिवशीही उशिरा आली होती. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "गरजवंतांची सेवा करीन." आमेन, आमेन झालं.

शेवटी सोनूबाई उठली. दोन डबे घेऊन टेबलापाशी गेली आणि दोन्ही ठेवले. काशीराम भिंतीला टेकून उभा होता. त्याला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही.

"हा डबा मंडळाचा," ती म्हणाली. "बाईंनी घरी आणून दिला. एक बी खाल्ली न्हाई, बगा उघडून. आणि हा माझा. पीठ माझं, तेल माझं, हात माझं आणि माझ्या शेजारणीचं. तेवीस तारखेला माझा घाणा हुता. वहीत लिवलेला. तुमच्यातलं कुणी आलं न्हाई. एक जण बी न्हाई! मी दोन तास दार उघडं ठिवून बसले. आगमनाची वाट बघत."

मागच्या रांगेतल्यांनी डबे बघायला माना उंचावल्या.

"हा डबा परातीत मिसळायचा न्हाई," ती पुढं म्हणाली. आवाज चढत चालला होता, चढू दिला तिनं. "मिसळला की कुणी खाल्लं, कुणी न्हाई खाल्लं, कळत न्हाई. तुमची बी सुटका, माझी बी सुटका. मला सुटका नको. हा हितं उघडा ऱ्हाईल. ज्याला खायाची त्यानं सोनूबाईच्या हातची म्हणून खावी. ज्याला न्हाई त्यानं न्हाई म्हणून जावं. पण आत्ताच खाल्लंय, म्हणायचं न्हाई! आणि नव्या सालात मी काय करणार, ते बी सांगते. मी हितंच येणार. दर रविवारी. आन् म्होरल्या बाकावर बसणार. तुमी कंटाळाल, मी न्हाई कंटाळणार."

भाऊराव पाळकसाहेब उठले, करंजी घ्यायला पुढं आले. सोनूबाई म्हणाली, "तुमी नको साहेब. तुमचं ते कामच हाय. बसा." म्हातारा बसला. बरं वाटलं नाही त्याला, पण खरं होतं ते.

कोणी हललं नाही. मग सुलक्षणा उठली, बाळाला कडेवर घेऊन. सासूकडं न बघता टेबलापाशी आली, एक करंजी उचलली, उभ्याउभ्या खाल्ली, आणि मंगळवारी दुपारी सासूबरोबर लाटायला बसलेले आपले हात बघत म्हणाली, "चुकलं माझं." सोनूबाईनं मान हलवली, पण तिची नजर सुलक्षणावर नव्हतीच. ती रत्नप्रभाबाईंवर होती.

बाई आल्या. नाइलाजानं आल्या की मनानं, ते देव जाणे. करंजी उचलली, मोठा घास घेतला, सगळ्यांना दिसेल असा, चावला आणि गिळायला गेल्या. सारण रव्याचं, कोरडं. ठसका लागला. साधासुधा नाही, डोळे पांढरे करणारा. पाण्याचं पिंप हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. बाईंनी हातानं खूण केली, पाणी, पाणी.

सोनूबाईच्या पिशवीत तिचा फिरकीचा तांब्या होता. तिनं झाकण फिरवलं, पुढं झाली. आणि बाईंनी, ठसकत ठसकत, दोन्ही हात जोडून तिच्यापुढं ओंजळ धरली.

तांब्याला तोंड लागू नये म्हणून धरली. विचार करून नाही, सवयीनं. पण धरली, आणि कंबरेत वाकून धरली. सोनूबाई वर उभी, हातात तांब्या, खाली ती ओंजळ. अख्ख्या मंडळीला पाठ असलेली ती साक्ष सगळ्यांच्या डोळ्यांपुढं उभी होती, आणि सगळ्यांत शेवटी ती बाईंना दिसली. त्यांनी आपल्याच ओंजळीकडं पाहिलं. ठसका चालूच होता, पण त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ठसक्याचा नव्हता.

एक क्षण सोनूबाईला वाटलं, ओतावं. वरून ओतावं, सगळ्यांसमोर, आणि होऊ दे फिटंफाट. हात कललाही तिचा. कोणी तिला नावं ठेवली नसती. मग तिनं हात सरळ केला.

"ओंजळ सोडा," ती ओरडली. "सोडा म्हणते ना! तांब्या हातात घ्या. तोंड लावून प्या."

बाईंनी ओंजळ सोडली. दोन्ही हातांनी तांब्या धरला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून कडक इस्त्रीच्या साडीवर सांडलं. सोनूबाई समोर उभी राहून बघत होती. तिचा राग गेला नव्हता. जायला काय झालं होतं त्याला, चार वर्षांचा होता तो, एका तांब्यानं थोडाच विझणार. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो परत घेतला.

"आता ती वही काढा," ती म्हणाली. "औंदाच्या आगमनाचा पहिला घाणा माझा. पहिला. लिवा."

बाईंनी पिशवीतून वही काढली. बोटं तेलकट होती, कोऱ्या पानावर डाग पडला. त्यांनी नाव लिहिलं, आणि वर बघितलं.

"लाटणी आपापली आणा," सोनूबाई म्हणाली. "माझ्याकडं एकच हाय."